लाल झाकणाच्या काचा

नागाप्पाने विद्यापीठात एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्म्याहून अधिक काचा धुण्यात घालवली. नेमणुकीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' असं भारदस्त लिहिलेलं होतं, पण भौतिकशास्त्राच्या त्या इमारतीत त्याला सगळे मामा म्हणत. तिथं प्रत्येक शिपाई मामाच असतो, त्यात विशेष काही नाही. विशेष एवढंच, की बाकीचे मामा हजेरीपुरते कामावर असत आणि हा खरोखर काम करी.

माणूस मूळचा कर्नाटकाच्या हद्दीवरचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात निळा गणवेश, शिक्षण दहावी, तेही दुसऱ्या खेपेला. बोलणं कमी. हात मात्र असे, की धुतलेली काच त्याने उजेडाकडे धरली तर त्याच्या चिमटीत काही आहे की नाही, हे समोरच्याला कळू नये.

या काचा म्हणजे बरण्या-बाटल्या नव्हेत. बिस्किटाच्या चतकोराएवढे चौकोनी तुकडे, एका अंगाला वीज वाहून नेणारा न दिसणारा थर. त्यावर पीएचडीची पोरं एकावर एक थर चढवतात, वरचा काळा थर पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचा, आणि त्याचा सोलर सेल होतो. मग तो एका झगझगीत दिव्याखाली ठेवतात. त्या दिव्याला सगळे खोटा सूर्य म्हणत. पडलेल्या उजेडातल्या किती टक्क्यांची वीज झाली, तो आकडा पडद्यावर उमटतो, आणि त्या आकड्यावर पोरांचं हसू-रडू चालतं. खाली काचेवर बोटाचा ठसा राहिला असेल तर वरचं सगळं मुसळ केरात. म्हणून नागाप्पा.

चार वर्षांपूर्वी सोनम तिथं आली. कुरुंदवाडची पोरगी. वडील बाबासो एसटीच्या डेपोत मेकॅनिक, पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, आणि साऱ्या भावकीत पीएचडीपर्यंत पोचलेली ही पहिली. पहिल्याच आठवड्यात नागाप्पाने जुन्या सवयीने विचारलं, कुणाची गं तू? तिने गाव, आडनाव आणि बौद्ध असं न थांबता सांगून टाकलं आणि लगेच विचारलं, आणि तुम्ही मामा? त्याला हसू आलं. तेव्हापासून दोघांचं जमलं. तिच्या डब्यात सुकं मटण असलं की तो खिडकीकडे तोंड करून जेवे आणि वरण-भाकरी असली की अर्धी भाकरी मागून घेई.

तिचं काम काय, ते तिने त्याला एकदा समजावलं होतं. गवंडी गिलावा करायच्या आधी भिंतीवर काय करतो, मामा? पाणी मारतो, तो म्हणाला. भिंत कोरडी असली तर गिलावा सुटतो. तसंच हे, ती म्हणाली. काळा थर आणि त्याच्या खालचा थर यांचा सांधा नीट बसत नाही, तिथंच वीज गळते. त्या सांध्यात ती एका रेणूचा थर देणार होती, एका रेणूएवढाच जाड. त्या रेणूचं एक टोक खालच्या थराला धरणार, दुसरं वरच्याला. असा रेणू तिने कागदावर स्वतः जुळवला होता आणि दोन वर्षं खपून करून घेतला होता.

तो रेणू खरंच काम करतो हे दाखवायचं तर दोन प्रकारचे सेल हवेत: एक रेणू घातलेले, एक बिनरेणूचे. बाकी सगळं सारखं. म्हणून सोनम काचांच्या दोन डब्या करी. लाल झाकणाच्या डबीतल्या काचांवर रेणू चढायचा, निळ्या झाकणाच्या काचा साध्या राहायच्या. मिसळू नयेत म्हणून ती कोपऱ्यावर हिऱ्याच्या पेनने बारीक खूण करी. खूण करताना काचेचा भुगा उडतो, तेव्हा खूण आधी आणि धुणं नंतर. इथंच घोडं पेंड खात होतं. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात यावं?

पहिल्या दोन खेपांना आकडे वाईट आले. साधे सेल सतरा टक्के, रेणूचे सतरा आणि वर काहीतरी चिल्लर. सोनमचं तोंड उतरलं. तिसऱ्या खेपेच्या काचा देताना ती लाल डबी हातात धरून म्हणाली, "मामा, ह्या जरा जपून धुवा. माझं सगळं ह्याच्यावरच हाय."

आता नागाप्पासारख्या माणसाला असं सांगितल्यावर तो काय करणार? त्याच्या लहानपणी घरात वीज नव्हती. रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचं काम त्याचं. ती साबणाने नाही पुसायची, राखेने पुसायची. चाळून घेतलेली बारीक राख, ओल्या फडक्यावर चिमूटभर, हलक्या हाताने. नोकरीच्या सुरुवातीला त्याने इथंही तेच केलं होतं, तर तेव्हाच्या एका सरांनी सगळ्यांदेखत त्याला झापलं होतं: प्रयोगशाळेत राख आणलीस तर घरी बसवीन. तेव्हापासून राख बंद. पण घरच्या पाण्याच्या बंबातली राख मलमलीतून चाळून भरलेला एक च्यवनप्राशचा डबा त्याच्या कपाटात होता. चहाच्या कपांसाठी म्हणून. त्या दिवशी त्याने मागच्या गॅलरीत जाऊन लाल डबीतली एकेक काच त्या राखेने घासली. मग पुन्हा साबण, पाणी, अॅसिटोन, जे काय कागदावर लिहिलं होतं ते सगळं. निळ्या डबीच्या काचा कागदावर लिहिल्याप्रमाणेच धुतल्या. पोरीने लालच जपायला सांगितल्या होत्या की.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा आला, वीस पॉइंट चार.

त्यानंतर दीड वर्ष सोनमचे दिवस चांगले गेले. खेपेमागून खेप, लाल डबी वीसच्या वर, निळी सतराला चिकटलेली. तिचे मार्गदर्शक विजयसिंह सर एरवी पोरांचं कौतुक करायचं म्हणजे पदरचं जातं अशा चेहऱ्याचे, तेही बैठकीत तिचा रेणू फळ्यावर काढून दाखवू लागले. मोठ्या नियतकालिकात पेपर छापून आला. तिने कुरुंदवाडची बासुंदी आणली, पहिली वाटी मामांना दिली. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने पत्र पाठवलं, की पीएचडी झाली की या. नागाप्पाला वाटलं, पोरीचं डोकं. आपला हात लागला याचं त्याला बरं वाटे, पण तेवढंच. राखेचं तो बोलला नाही. बोलायचं कशाला, बोलणी खायला?

मे महिन्याच्या अखेरीला तो निवृत्त झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. त्याच सुमारास कसबा बावड्यातलं भाड्याचं जुनं घर सोडून तो आणि शांतादेवी, म्हणजे त्याची बायको, तिथल्याच नव्या इमारतीत मुलाच्या, महांतेशच्या, फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथं गच्चीवर पाणी तापवायची सोय होती, बंब मोडीत गेला.

आणि तिकडे लाल डबीचा आकडा पडला. नागाप्पाच्या जागी आलेला कंत्राटी माणूस कागदावर लिहिलेलं सगळं करी, दोन्ही डब्यांना सारखंच. आकडे पहिल्यासारखे, सतरा आणि सतरा पॉइंट तीन. सोनमने आधी पावसाला दोष दिला. कोल्हापुरात जून लागला की मिठाच्या बरणीला पाझर फुटतो, आणि हा काळा थर तर मिठापेक्षा हळवा. मग तिने नायट्रोजनच्या टाक्या बदलल्या, रेणूची नवी बाटली केली, जुनी पुन्हा तपासली. ऑगस्ट गेला. कोरियातल्या एका गटाने अगदी सभ्य भाषेत कळवलं, की तुमच्या कृतीने आम्हाला तुमचा आकडा मिळत नाही. जानेवारीत प्रबंध द्यायचा होता.

सप्टेंबरात ती बावड्याला आली. नागाप्पाला ओळखू येईना इतकी वाळली होती. शांतादेवीने ये की गं यव्वा म्हणून तिला ताटावर बसवलं. ती चार घास जेवली आणि वही काढली. मामा, तुम्ही काच कशी धुत होता, पहिल्यापासून सांगा. काही सोडू नका.

नागाप्पाने सांगितलं. साबण किती, पाणी किती वेळा, फडकं कुठलं. राख सोडली. तीस वर्षांपूर्वीची ती झापणी, वर निवृत्तीनंतर आता बाहेर आलं तर काय, आणि या पोरीसमोर आपण अडाणी ठरणार, असलं सगळं त्याच्या घशाशी आलं आणि राख मागे राहिली.

"हे सगळं तो नवा माणूस बी करतोय," सोनम म्हणाली आणि वही मिटली. "तुमच्या हातालाच काय तरी हाय बगा, मामा."

असं म्हटल्यावर त्याला राहवलं नाही. दोन दिवसांनी तो स्वतः गेला, निवृत्त होताना घरी आणलेला राखेचा डबा पिशवीत घेऊन. फाटकावर नव्या पोराने पावणं कोण पाहिजे म्हणून विचारलं, तेवढं मनाला लागलं. मग मागच्या गॅलरीत जाऊन त्याने नेहमीसारखंच केलं. लाल डबीला राख, निळीला कागदावरचं तेवढंच. दीड वर्षाच्या सवयीच्या हाताला दुसरं सुचतंय कुठं?

पुढल्या दिवशी दुपारी खोट्या सूर्याखाली वीस पॉइंट तीन. सोनम खुर्चीत बसून रडली. विजयसिंह सर आले, त्यांनी नागाप्पाच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, गुण आहे बुवा तुझ्या हाताला. सगळ्यांना चहा आला. नागाप्पाही खूश होता. कप हातात घेऊन त्याने सहज, बोलायचं म्हणून विचारलं, आणि निळ्या झाकणाच्या का गं वाढत न्हाईत?

"त्यात माझा रेणू नसतोय न्हवं," ती डोळे पुसत म्हणाली.

रेणू नसतो. आणि राखही नसते. नागाप्पाने चहा तसाच ठेवला.

घरी आल्यावर तो गॅलरीत बसून राहिला. शांतादेवीने दोनदा हाक मारली, मग नाद सोडला. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सुनेला, शांभवीला, म्हणाला, एक सांग. दोन वाफे हाईत. एकात नवं बी टाकलं, एकात जुनं. नवं बी लई जोरात आलं. पर नव्या बियाच्या वाफ्याला कुणीतरी गपचूप खतबी घातलतं, दुसऱ्याला न्हाय. मग बी चांगलं का खत?

शांभवी पोळी लाटत होती. तिने मान वर केली नाही. "कसं कळणार, अप्पा? प्रयोगच फुकट गेला की तो. जुन्या बियालाबी खत घालून बघाय पाहिजे."

तिला काय ठाऊक ती काय बोलून गेली.

चार दिवस तो गेला नाही. सोनमचे फोन येत होते, मामा, अजून एक खेप, मग सुटलोच आपण. न सांगता असंच चार-सहा वेळा जाऊन लाल काचा घासून दिल्या तर पोरीची पदवी होते, परदेश होतो, आणि कुणाचं काय जातं? पण पुढे? कोरियातल्या माणसांच्या काचा कोण घासणार? तिथं गेल्यावर तिच्या काचा कोण घासणार? या पोरीने जन्मभर त्या रेणूच्या मागे धावायचं आणि तो का पावत नाही म्हणून स्वतःचं डोकं फोडून घ्यायचं. बरं, सांगावं, तर आजच फोडून ठेवायचं. दोन्हीकडून मरण तिचंच, आणि केलं कुणी, तर तिला जपायला गेलेल्या माणसाने.

पाचव्या दिवशी तो गेला. काही सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून एवढंच म्हणाला, की आज निळ्या बी माझ्या पद्धतीनं धुतो. सोनम म्हणाली, नेहमी धुता की. तो डबा घेऊन गॅलरीत गेला. दोन्ही डब्यांना राख लावली.

दुसऱ्या दिवशी तो दिव्यापाशी उभा राहिला. सोनमने आधी साधे सेल मोजायला घेतले. ते नेहमीचेच, म्हणून उरकून टाकायचे. वीस पॉइंट एक. तिने सेल काढला, पुसला, उलटून कोपऱ्यावरची खूण बघितली, पुन्हा ठेवला. वीस पॉइंट एक. दुसरा घेतला. वीस पॉइंट तीन. तिसरा. मग लाल. वीस पॉइंट दोन.

"मामा," ती पाठ न वळवता म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

त्याने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. कंदील, सरांची झापणी, गॅलरी. लालच का, तेही सांगितलं. "तूच म्हणालतीस जपून धुवा म्हणून," तो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर त्याला वाटलं की जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

सोनमने बोटाने थोडी राख घेतली, चोळून बघितली. ओरडली नाही, रडली नाही. बोट पुसत म्हणाली, राखेत पोटॅशियम असतं. ते थोडं काचेवर राहिलं असणार, सांध्यात जाऊन बसलं असणार. असं होतं, वाचलंय. हे ती त्याला सांगत नव्हती, स्वतःलाच शिकवत होती. मग म्हणाली, म्हणजे माझा रेणू काय करतच नाही.

विजयसिंह सरांच्या खोलीत ती एकटी गेली. नागाप्पा बाहेर बाकावर बसला. दार पातळ होतं. सरांचा आवाज आधी चढला, मग एकदम खाली गेला. राख म्हणून लिहायचं का पेपरात, लोक काय तोंडात शेण घालतील आपल्या. पदवी होऊ दे तुझी, मग बघू. मग सोनमचा आवाज, की सर, मी मागे घेणार. पेपर मागे घेतल्याचं पत्र मी पाठवणार, तुम्ही सही करा किंवा करू नका. सर म्हणाले, "तुला माहिताय का, ह्या पेपरावर पुढचा प्रकल्प मंजूर झालाय? पाच पोरं हाईत त्याच्यावर." त्यावर ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. सर वाईट नव्हते. दार उघडलं तेव्हा डोकं दोन्ही हातांत धरून बसलेले दिसले.

निदान राखेचं तरी काही होईल, असं नागाप्पाला वाटत होतं. सोनमलाही वाटत होतं. बुडत्याला काडीचा आधार. डब्यात राख उरली होती दोन मुठी. त्यातली थोडी तपासायला मुंबईला पाठवली. निकाल यायला दोन महिने लागतील म्हणाले. तोवर दुसऱ्या राखा लावून बघू, असं ठरलं. नागाप्पाने बावड्यात दारोदार फिरून राख मागितली. ज्यांच्याकडे अजून बंब होते त्यांनी दिली, हसत दिली. गुऱ्हाळाच्या चुलवणातली आणली, राधानगरीकडच्या एका ओळखीच्या घरून शेणी-गोवऱ्यांची आणली. अकरा राखा झाल्या. सोनमने प्रत्येकीवर नाव-गाव लिहून काचा घासल्या, त्याच्याकडून शिकून, स्वतःच्या हाताने. एकीला अठरा आले, बाकी सोळा, सतरा. एका राखेने तर काचेवर ओरखडे उठले. वीस एकीलाही नाही.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात ती पुन्हा फ्लॅटवर आली. पेपर मागे घेतल्याचं पत्र पाठवून झालं होतं. परदेशच्या प्रयोगशाळेलाही तिने आपणच कळवलं होतं, तिकडून उत्तर नव्हतं. जानेवारीत प्रबंध देणं तर गेलंच, पुढची मुदत मिळाली तर मिळाली. बाबासोंना अजून सांगितलं नव्हतं. तिला आता एकच विचारायचं होतं, नागाप्पाला नव्हे, शांतादेवीला. काकू, जुन्या घरी बंबात तुम्ही काय जाळत होता? नक्की काय?

शांतादेवी शेंगा सोलत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, या दोघांना वेड लागलंय का अशा नजरेने.

"काय म्हंजे? शेणी. नारळाच्या शेंड्या. उसाचं पाचट असलं तर पाचट. महांतेशच्या जुन्या वह्या बी घातल्या एकदा. सुताराच्या हितला भुसा कधी. हाताला लागंल ते घालायचं, पाणी तापल्याशी कारण."

"कुठलं जास्त, काकू? अंदाजानं?"

"त्याचा कोण अंदाज ठेवतंय गं बाई."

सोनमने वहीत लिहिलं: शेणी, शेंड्या, पाचट, वह्या, भुसा. प्रत्येकापुढे प्रमाणाची जागा मोकळी सोडली. शांभवीने चहा आणला, तो प्यायली. नागाप्पाला काहीतरी म्हणायचं होतं. माफी मागावी तर ती तशी मागायला मिळत नव्हती, कारण ती रागावतच नव्हती. रागावली असती तर बरं, असं त्याला चारदा वाटलं. शेवटी तो म्हणाला, मी उद्या येतो, अजून काही काचा असतील तर.

ती म्हणाली, या की मामा. पण आता काचा धुण्याआधी दोन डब्या करायच्या नाहीत. सगळ्या एकत्र धुवायच्या, मग मी पाठमोरी होऊन वाटणी करणार. तुम्हालाबी कळायला नको, मलाबी कळायला नको कुठली काच कुठल्या डबीत जाणार ते.

बरं, तो म्हणाला. तिला बसला पोचवायला तो खाली उतरला, आणि बस येईपर्यंत दोघंही कारखान्याच्या रस्त्याने येणाऱ्या उसाच्या गाड्या बघत उभे राहिले.